बाळाला ऐकू येत नाही असं कळल्यावर पहिली साथ घराला हवी

जन्मतः कर्णबधिर असलेल्या दहा मुलांपैकी नऊहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे ज्या घरात असं बाळ येतं, त्या घरातल्या कुणालाच बहुधा कर्णबधिरपणाचा अनुभव नसतो. आजीनं पाच-सहा लेकरं वाढवलेली असतात, शेजारच्या काकूंना बाळंतपणातलं सगळं कळत असतं, पण न ऐकणाऱ्या बाळाशी बोलायचं कसं, हे अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक नसतं. तपासणी करून आईवडील दवाखान्याबाहेर येतात तेव्हा हातात बाळाच्या ऐकण्याचा एक आलेख असतो, कानाच्या मशीनच्या किमती लिहिलेला कागद असतो आणि पुढची तारीख असते. घरी जाऊन उद्या सकाळपासून नेमकं काय करायचं, हे मात्र फार थोड्यांना सांगितलेलं असतं.

सरकारी कागदांत या कामाला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. बाळाचं निदान शक्य तितक्या लवकर करायचं आणि पहिल्या तीन वर्षांत त्याच्या घराला भाषा देण्याचं काम शिकवायचं, हा त्याचा गाभा. मी ‘घराला’ म्हणतोय ते जाणूनबुजून. ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून तासभर बसतं. उरलेला सगळा जागेपणीचा वेळ ते आई, आजी, बाबा, ताई-दादा यांच्यात असतं आणि कुठलंही मूल भाषा शिकतं ती तिथेच. चांगली थेरपिस्ट त्या एका तासात मुलापेक्षा आईला जास्त शिकवते.

घाई कशासाठी

आतल्या कानाची घडण गर्भात पाचव्या महिन्याच्या सुमाराला पूर्ण होते आणि सातव्या महिन्यात बाळ पोटातूनच आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. ऐकू येणारं बाळ जन्मतं तेव्हा आईचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. कर्णबधिर बाळाचे ते महिने कोरे गेलेले असतात, आणि निदान लांबलं तर पुढचेही कोरे जातात. मेंदूचा जो भाग आवाज समजून घेतो, तो आवाज मिळत राहिला तरच घडतो. आवाज आलाच नाही तर ती जागा मेंदू दुसऱ्या कामाला लावतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जमिनीला वाफसा असतो तोवर पेरलं तर उगवतं. वाफसा निघून गेल्यावर तेच बी, तेच खत घालूनही हाती येतं ते कमीच.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १५० कर्णबधिर मुलांची भाषा तपासली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या ७२ मुलांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं होतं, ७८ मुलांचं त्यानंतर. लवकर निदान झालेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. मूल किती कमी ऐकतं, बोलण्यातून शिकतं की खुणांतून, घरची परिस्थिती कशी आहे, यांपैकी कशानंही हा फरक पुसला गेला नाही. या अभ्यासाचा उल्लेख करताना एक गोष्ट बरेचदा सुटते. या मुलांच्या घरांना निदानानंतर साधारण दोन महिन्यांच्या आत मदत सुरू झाली होती. नुसतं लवकर कळणं पुरलं नसतं.

यावरूनच १-३-६ हा नियम जगभर धरला जातो. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाला मशीन आणि घराला शिकवणी सुरू. जिथे सोयी आहेत तिथे आता १-२-३ महिन्यांचं लक्ष्य ठेवा, असं तज्ज्ञ सांगतात.

लक्षात येत नाही ते का

घरच्यांचं लक्ष नसतं म्हणून उशीर होतो, हा आरोप मला मान्य नाही. कर्णबधिरपणा दिसत नाही. बाळ हसतं, डोळ्यांनी माणूस ओळखतं, दूध पितं, वेळेवर पालथं पडतं. पहिले काही महिने कर्णबधिर बाळही ‘आं’, ‘ऊं’ करतं. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड मात्र वेळेवर येत नाही किंवा आलेला आवाज हळूहळू कमी होत जातो.

मग घरात परीक्षा घेतली जाते. पाठीमागून ताट वाजवतात, दार आपटतात, टाळी वाजवतात आणि बाळ वळतं. सगळे निश्चिंत होतात. पण ताटाचा आवाज फार मोठा असतो. बऱ्याच कर्णबधिर मुलांना थोडं ऐकू येत असतं आणि असा मोठा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतो. दार आपटल्याचा हादरा पलंगातून जाणवतो, टाळी वाजवताना हवेची झुळूक लागते, भिंतीवर सावली हलते. साधं बोलणं ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असतं, कुजबुज ३० च्या. ताटाला वळणारं मूल आईचं बोलणं अजिबात ऐकत नसेल, असं सहज होऊ शकतं.

त्यात ज्येष्ठांचा दिलासा असतो. “बोलंल की, कशाला घाई करतायसा? ह्याचा मामा बी चार वर्सांनी बोलला.” कुणी जीभ चिकटलीय म्हणतं, कुणी कानात तेल सोडायला सांगतं. कानात तेल सोडू नका. आणि मामा चार वर्षांनी बोलला असेल तर त्याच्या कानांची तपासणी कधी झाली होती का, हेही एकदा विचारा.

साधारण खुणा अशा: तीन महिन्यांचं बाळ आईचा आवाज ऐकून शांत होतं, सहा-सात महिन्यांचं आवाजाच्या दिशेनं मान वळवतं, दहाव्या महिन्याच्या आसपास नाव घेतल्यावर बघतं, वर्षाला एखादा अर्थाचा शब्द येतो. यातलं काही होत नसेल तर पुढच्या वाढदिवसाची वाट बघू नका. तपासणी करून सगळं ठीक निघालं तर एक हेलपाटा वाया गेला, एवढंच.

तपासण्या

दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. पहिली ओएई. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडाची छोटी नळी ठेवतात, बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या केसपेशींकडून परत येणारा क्षीण आवाज यंत्र टिपतं. काही मिनिटांचं काम, टोचणं नाही, दुखणं नाही. दुसरी बेरा. डोक्यावर आणि कानामागे पट्ट्या चिकटवून कानाची नस आणि मेंदूचा खालचा भाग आवाजाला काय प्रतिसाद देतो, ते यात मोजतात. कान किती डेसिबलपासून ऐकतो, याचा अंदाज बेरातून येतो. बाळ गाढ झोपलेलं लागतं. तीन-चार महिन्यांच्या आत गेलात तर दूध पाजून बाळ आपोआप झोपतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा औषध देऊन झोपवावं लागतं. लवकर जाण्याचा हा एक अगदी व्यवहारी फायदा.

ओएईत बाळ ‘पास’ झालं नाही म्हणजे ते कर्णबधिर आहे, असं नसतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात गर्भजल, मळ असू शकतो. म्हणून पुन्हा बोलावतात. या पुन्हा येण्यातच सगळ्यात जास्त बाळं हरवतात. बाळंतीण माहेरी गेलेली असते, पाऊस असतो, सासरे म्हणतात बारसं होऊ दे. एवढी एक तारीख चुकवू नका.

उलट बाजूही आहे. ओएई कानाच्या आतल्या पेशींपर्यंतच बघतं; त्याच्या पुढची नस नीट काम करत नसेल तर ते ‘पास’ दाखवू शकतं. म्हणून जी बाळं नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिली, ज्यांची कावीळ रक्त बदलण्याइतकी वाढली, ज्यांना मेंदूज्वर झाला, त्यांची बेराच व्हायला हवी. मेंदूज्वरानंतर तर थांबूच नका, कारण काही मुलांत आतल्या कानात हाड भरू लागतं आणि नंतर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवणं अवघड होतं. जन्मतः तपासणी चांगली आली तरी काहींचं ऐकणं पुढे कमी होतं, हेही ध्यानात असू द्या.

कारणं शोधताना आपल्याकडे एक विषय टाळून चालत नाही. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची पद्धत अजून आहे. जनुकातून येणाऱ्या कर्णबधिरपणात जीजेबी२ हे जनुक भारतात बरेचदा सापडतं. आई आणि बाबा दोघंही व्यवस्थित ऐकतात, दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि दोन्ही प्रती बाळाकडे गेल्या की त्याला ऐकू येत नाही. दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या लग्नातही असं घडतं. ग्रहणात आईनं विळी हातात धरली म्हणून कुणाचं बाळ कर्णबधिर होत नाही.

कोल्हापुरात कुठून सुरुवात करायची

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे सगळे ज्याला आरबीएसके म्हणतात तो, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मतः येणारा कर्णबधिरपणा त्याच्या यादीत आहे. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं आणि संशय आला तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. त्याच्याही आधी आशाताई घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी. वजनाबद्दल आणि लसींबद्दल ती विचारतेच. “आवाजाला बघतो का हो?” हा प्रश्न तिनं विचारायची वाट न बघता आपणच काढावा.

शहरात आणि जवळपास राहणाऱ्यांना सीपीआर हे सरकारी रुग्णालय, म्हणजे आपला थोरला दवाखाना, माहीत आहे. कान-नाक-घसा विभागात दाखवायचं, तिथून ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे. करवीर, कागल, हातकणंगल्याहून हे जमतं. चंदगडच्या घराला कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे आणि बेळगाव त्यापेक्षा पुष्कळ जवळ, त्यामुळे तिकडची मंडळी दवाखान्याला बेळगावचीच वाट धरतात. तपासणी बेळगावात झाली म्हणून काही बिघडत नाही. मात्र सरकारी योजनेचे कागद महाराष्ट्रातून होणार, म्हणून रिपोर्टची प्रत आपल्या तालुक्याच्या आरबीएसके पथकाला देऊन ठेवावी. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यांवर पावसाळ्यात हेच अंतर दुप्पट वाटतं.

आणखी एक वर्ग असा आहे की तो कुणाच्याच यादीत नीट बसत नाही. साखर कारखाने पेटले की मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबं इथे येतात आणि सहा महिने फडाच्या कडेला राहतात. बाळाची नोंद गावाकडच्या अंगणवाडीत, बाळ मात्र शिरोळच्या फडात. या मुलांचं पहिलं वर्ष दोन जिल्ह्यांच्या मधेच निघून जाऊ शकतं. कारखान्याच्या तळावर पथक नेणं हा यावरचा उपाय आहे आणि तो करता येण्यासारखा आहे.

प्रत्येक दवाखान्यात तपासणीचं यंत्र नाही, ही सबबही खरं तर मोडता येते. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. अब्राहम पॉल यांच्या पुढाकारानं २००३ पासून वेगळी रीत चालू झाली. एक ओएई यंत्र, ते चालवणारी प्रशिक्षित व्यक्ती, आणि ती ठरलेल्या दिवशी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाते. दवाखान्यांनी यंत्रं विकत घ्यायची नाहीत, फक्त बाळं तयार ठेवायची. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज इथल्या प्रसूतिगृहांनी एकत्र येऊन हे करायला काहीच हरकत नसावी. आपल्या सहकारी संस्थांच्या जिल्ह्यात तर मुळीच नसावी.

आता घरात

निदान झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत घर हादरलेलं असतं. त्या वेळी आईवडिलांना माहितीचा ढीग नको असतो; एक विश्वासाचं माणूस हवं असतं, जे फोन उचलेल. आई रडते तेव्हा “रडू नको” म्हणण्यापेक्षा तिच्याजवळ बसणारं माणूस जास्त उपयोगाचं. सासरकडून तिच्यावर ठपका येतो, बाबा गप्प होतात, कामात स्वतःला बुडवून घेतात. समुपदेशनाला बोलवायचं तर एकट्या आईला बोलवू नये. बाबांना आणि आजी-आजोबांना, सगळ्यांना एका वेळी बसवून आलेख समजावून सांगावा. आजी पटली की घर पटतं, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

तेवढीच गरज असते दुसऱ्या पालकांची. ज्यांचं मूल आता सात-आठ वर्षांचं आहे, अशा आईशी अर्धा तास बोलून जे मिळतं ते तज्ज्ञाकडून मिळत नाही. आणि मोठे झालेले कर्णबधिर लोक तर हवेतच. नोकरी करणारा, संसार असलेला कर्णबधिर माणूस त्या बाबांनी आयुष्यात पाहिलेला नसतो. तो घरी येऊन चहा पिऊन गेला की बाळाच्या भविष्याबद्दलची निम्मी भीती ओसरते. ही ओळख करून देणं हे शीघ्र हस्तक्षेपाचंच काम आहे, आणि आपल्याकडे ते जवळजवळ होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मशीनबद्दल एक गोष्ट पक्की करा. जागेपणीचा सगळा वेळ ते कानावर हवं. पाहुणे आले म्हणून काढायचं, बाहेर जाताना लोक बघतात म्हणून काढायचं, तुटेल म्हणून कपाटात ठेवायचं, असं झालं की बाळाचं ऐकणं तेवढ्या तासांनी घटतं. लहान बाळाचा कान भराभर वाढतो, म्हणून कानात बसणारा साचा पहिल्या वर्षात दर एक-दोन महिन्यांनी बदलावा लागू शकतो. मशीन शिट्टी मारायला लागलं तर बहुतेकदा साचा सैल झालेला असतो. आवाज कमी करून शिट्टी बंद करू नका, साचा बदला. आपल्या पावसाळ्यात मशीनमध्ये दमटपणा शिरतो. रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं. आणि छोट्या गोल बॅटऱ्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका. गिळल्या तर जिवावर बेततं. लहान मुलांच्या मशीनला बॅटरीच्या झाकणाचं कुलूप मिळतं, ते मागून घ्या.

रोज सकाळी मशीन घातल्यावर सहा आवाजांची तपासणी करता येते. डॅनियल लिंग या शिक्षणतज्ज्ञांनी ती शोधली. आ, ऊ, ई, म्, श्, स्. बोलण्यातले अगदी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज या सहांत येतात. बाळाच्या मागे किंवा बाजूला बसून, तोंड न दाखवता, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणायचं. छोटं बाळ डोळे मोठे करतं, चोखणं थांबवतं, वळतं. कालपर्यंत ‘स्’ला वळणारं बाळ आज वळत नसेल तर मशीनमध्ये किंवा कानात काहीतरी बिघडलंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण यातून बिघाड त्याच दिवशी कळतो, तीन महिन्यांनी पुढच्या तारखेला नाही.

मग बोलणं. कुठलीही खास खेळणी किंवा तक्ते लागत नाहीत. आंघोळ, जेवण, कपडे, गोठा, दुकान यांतच भाषा आहे. समजा, कागलजवळच्या एखाद्या घरात आई भाकरी थापतेय आणि दहा महिन्यांचं बाळ शेजारी बसलंय. थाप-थाप आवाजावर बाळ बघतं. आई कानाकडे बोट नेऊन म्हणते, “ऐकलंस? थाप थाप! आई भाकरी करतेय.” मग थांबते. बाळाला काहीतरी करायला, एखादा आवाज काढायला वेळ देते. बाळानं हात आपटला तर ती म्हणते, “तुला पण भाकरी करायचीय? घे पीठ.” एवढ्यात बाळानं आवाज ऐकला, तो कशाचा ते पाहिलं, त्यावरचं वाक्य ऐकलं आणि आपल्या हालचालीला उत्तर मिळतं हे शिकलं. बाळ जिकडे बघतंय त्याबद्दल बोलायचं, जवळून बोलायचं, आणि थांबायचं. तिसरं सगळ्यात अवघड, कारण गप्प मुलासमोर आपण घाबरून एकसारखं बोलत सुटतो.

पूर्ण वाक्यात बोला. ‘पाणी, पाणी’ असं दहादा म्हणण्यापेक्षा “तहान लागली? गार पाणी देऊ?” बरं. ओरडू नका, ओरडल्यानं शब्दांचा आकार बिघडतो. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, म्हणून टीव्ही आणि मिक्सर चालू असताना आईचं बोलणं त्यात बुडतं. हाताच्या अंतरावर बसून, टीव्ही बंद करून बोललेली दहा मिनिटं ही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बोललेल्या तासापेक्षा जास्त पोहोचतात. म्हशीचं हंबरणं, टेम्पोचा भोंगा, देवळातली घंटा, पत्र्यावरचा पाऊस, जे कानावर येईल ते बाळाला दाखवा. ऐकू येणाऱ्या मुलाला हे आपोआप कळतं. या मुलाला कुणीतरी ओळख करून द्यावी लागते.

आईवडिलांनाच शिक्षक करायचं, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लुईस ट्रेसी यांनी आपल्या कर्णबधिर मुलाच्या अनुभवातून १९४२ मध्ये केंद्र सुरू केलं आणि टपालानं जगभरच्या पालकांना धडे पाठवले. चेन्नईच्या बालविद्यालयात १९६९ पासून पाच वर्षांच्या आतली मुलं आईबरोबर शाळेत येतात आणि आईला शेजारी बसवून शिकवलं जातं. कोल्हापुरातल्या कुठल्याही केंद्रात थेरपी लावताना पहिला प्रश्न विचारा: मला आत बसू द्याल का? आईला बाहेरच्या बाकावर बसवून दार लावून घेणारी थेरपी लहान बाळासाठी अर्धीच आहे.

खुणांची भाषा

खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती बहुतेक घरांत असते, काही थेरपिस्टही ती घालतात. संशोधनात ही समजूत टिकलेली नाही. १९९१ मध्ये लॉरा पेटिटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळं हातांनी बडबड करतात, ऐकणारी बाळं तोंडानं करतात तशीच, त्याच सुमाराच्या वयात. मेंदूला भाषा हवी असते. ती कानावाटे आली की डोळ्यांवाटे, यावर तो अडून बसत नाही. धोका आहे तो चार वर्षांपर्यंत कुठलीच भाषा न मिळण्यात. ज्या मुलाला मशीन लावूनही बोलणं पोहोचत नाही, त्याला इम्प्लांटची वाट बघत खुणांवाचून ठेवणं मला चूक वाटतं. भारतीय सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले आणि ते व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. आई, दूध, अजून, झोप, झालं: एवढ्यापासून घरातल्या सगळ्यांनी सुरुवात करावी. एकट्या आईनं शिकून उपयोग नाही, नाहीतर मूल घरात एकाच माणसाशी बोलू शकतं.

कॉक्लिअर इम्प्लांट

दोन्ही कानांचं ऐकणं फारच कमी असेल आणि काही महिने चांगली मशीनं नीट वापरूनही बोलणं पोहोचत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. साधारण वर्षाच्या आसपास ती करता येते. आतल्या कानात तार बसवतात, ती नसेला थेट विजेचे संकेत देते. बाहेर कानामागे प्रोसेसर असतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी आवाज चालू करतात आणि त्या दिवसापासून बाळाच्या ऐकण्याचं वय मोजायला सुरुवात होते. दोन वर्षांच्या मुलाचं ऐकण्याचं वय तेव्हा शून्य असतं. त्याच्याकडून महिन्याभरात शब्दांची अपेक्षा करणं अन्याय आहे.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या जन्मतः कर्णबधिर मुलांना, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, इम्प्लांट मिळतं. तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. कागद लवकर करा, कारण वय वाट बघत नाही. आणि आधीच विचारा की वॉरंटी संपल्यावर प्रोसेसर, केबल, बॅटऱ्या यांचा खर्च किती आणि कोण करणार. शस्त्रक्रिया फुकट झाली पण पुढे केबल तुटली म्हणून यंत्र डब्यात पडलं, असं होता कामा नये.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असलेली व्यक्ती कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबलची व्यक्ती कमी ऐकणारी धरली जाते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयातल्या तपासणीनंतर मिळतं. पण ज्याचा दोष ४५ डेसिबलचा आहे, किंवा एकाच कानाचा आहे, त्या मुलाचंही वर्गात निम्मं बोलणं हुकतं. प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून मशीन आणि थेरपीची गरज संपत नाही.

तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत जातं तेव्हा घरानं शिकलेलं तिकडे द्यावं लागतं. सेविकाताईंना मशीन घालायला-काढायला शिकवा, बॅटरी संपल्याची खूण दाखवा, जादा बॅटऱ्यांची डबी त्यांच्या कपाटात ठेवा. मुलाला पंख्याखाली आणि रस्त्याकडेच्या खिडकीजवळ न बसवता ताईंच्या जवळ, त्यांचा चेहरा दिसेल असं बसवायला सांगा. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याला कळणार नाही, हेही सांगा. बाकीच्या मुलांना मशीन हातात घेऊन एकदा बघू द्या. चार दिवसांत त्यांची उत्सुकता संपते. आणि दर सहा महिन्यांनी ऐकण्याची व भाषेची तपासणी चालू ठेवा. सहा महिन्यांत मुलाची भाषा सहा महिन्यांइतकी पुढे सरकली का, एवढंच विचारायचं. सरकली नसेल तर मुलाला दोष न देता साचा, मशीनचं सेटिंग, ते वापरण्याचे तास, थेरपीची पद्धत आणि खुणांची जोड हे सगळं ऑडिओलॉजिस्टसमोर बसून पुन्हा तपासून घ्या, आणि पुढची तारीख तिथेच लिहून घ्या.